झोन दिसला म्हणून नाचू नका: औषधी वनस्पतींच्या अर्कावर प्रोजेक्ट करणाऱ्या ज्युनियर लोकांसाठी

एम.एस्सी. मायक्रोच्या प्रोजेक्टला मी हिरडा घेतला तेव्हा डोक्यात एकच होतं, गरिबाला परवडणारं अँटिबायोटिक काढायचं, नागपूरच्या इतवारी बाजारात हिरडा किलोनं मिळतो, अजून काय पाहिजे बाप्पा! आता दोन-तीन जण विचारून राहिलेत की सुरुवात कुठून करायची, म्हणून लिहून टाकते.

पहिलं म्हणजे पुडीवर हिरडा लिहिलंय हा काही पुरावा नाही. बॉटनीवाल्यांकडून ओळख पटवून घ्या, नमुना हर्बेरियममधे (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा, नंबर घ्या. पानं असतील तर सावलीत वाळवा, नागपूरच्या मे महिन्यात सावलीतही कुरकुरीत होतात. उगाच उकळत बसू नका, चीनच्या तू योयो यांना 2015 चं नोबेल ज्या आर्टेमिसिनिनसाठी मिळालं ते गरम केल्यावर हातचं जात होतं, कमी तापमानात इथरनं काढलं तेव्हा जमलं.

आता माझा पचका ऐका. मिथेनॉलचा अर्क, बॅक्टेरिया पसरलेल्या अगारच्या (जेलीसारख्या खाद्याच्या) प्लेटमधे वेल, म्हणजे छोटा खड्डा, पाडून टाकला, सकाळी 14 मिमीचा झोन, म्हणजे बॅक्टेरिया न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ! आईला फोनसुद्धा करून झाला. गाइडनं प्लेट पाहिली अन् विचारलं, नुसत्या मिथेनॉलची वेल कुठाय? नव्हतीच. दुसऱ्या दिवशी टाकली तर तिथंही झोन, अर्क नीट सुकवलाच नव्हता मी. तर सॉल्व्हंट कंट्रोल (अर्क ज्यात काढला तो नुसता द्रव), तुलनेला जेंटामायसिन या अँटिबायोटिकची डिस्क, सगळं तीनदा, अन् बॅक्टेरियाचं सस्पेन्शन 0.5 मॅकफारलंडला (गढूळपणाचं ठरलेलं माप) जुळवलेलं, म्हणजे मिलीला साधारण 15 कोटी बॅक्टेरिया. अंदाजपंचे नको.

अन् दोन अर्कांची तुलना झोनच्या साइजवरून करू नका. जो पदार्थ अगारमधे भरभर पसरतो त्याचा झोन मोठा दिसतो, ताकद असो नसो. खरा आकडा एमआयसी, म्हणजे बॅक्टेरियाची वाढ थांबवणारं अर्काचं सर्वांत कमी प्रमाण. 96 वेलची प्लेट, अर्क निम्मा निम्मा पातळ करत जायचा, अर्क विरघळवायचं डीएमएसओ शेवटी 1 टक्क्याच्या वर नको, मग रिझाझुरिन हा रंग टाकायचा, निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर बॅक्टेरिया जिवंत. हिरड्यात टॅनिन भरपूर, ते रंगातही गडबड करू शकतं, म्हणून बॅक्टेरिया न टाकता नुसता अर्क अन् मीडिया असलेली वेल ठेवाच, माझे दोन आठवडे इथंच गेले.

माझी एमआयसी स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) बॅक्टेरियावर मिलीला 2.5 मिलिग्रॅम आली. ई. कोलाय तर जवळपास ढिम्मच, तो ग्रॅम निगेटिव्ह गटातला, अन् त्या गटाला बाहेरचं जास्तीचं आवरण असतं, त्यात आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंप, त्यामुळं बरेच अर्क तिथं मार खातात. जेंटामायसिनला त्याच स्टँडर्ड ई. कोलायवर मिलीला 1 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी पुरतं अन् माझे 2500 मायक्रोग्रॅम दुसऱ्या, सोप्या बॅक्टेरियावर! एवढं रक्तात पोचवायला माणसाला किती हिरडा खाऊ घालणार? स्वस्त पर्याय वगैरे टायटलमधून मी स्वतःच काढलं. जखमेवरच्या मलमासारखा वरून लावायचा विचार त्यातल्या त्यात बरा, पण आधी तो अर्क आपल्याच पेशी तर मारत नाही ना हे बघावं लागतं, अन् आमच्याकडे सेल कल्चर (पेशी वाढवायची सोय) नव्हतं.

आणि हो, दवाखान्यातले नमुने हवे असतील तर एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका, माझी मंजुरी आली तोवर सबमिशनला तीन आठवडे उरले होते.