येऊरला पहाटे सायकल नेताना काय घालावं

डिसेंबर-जानेवारीत पहाटे ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा चढ चढणार असाल, तर घराबाहेर पडताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच उबदार वाटलं तर कपडे जास्त झालेत असं समजा. उपवन तलाव मागे पडून चढ लागला की थोड्याच वेळात घाम फुटतो. खरा गारठा उतरताना लागतो. पाय थांबलेले, अंग ओलं आणि समोरून वारा.

म्हणून अंगालगत सुती बनियन नकोच. सुती कापड घाम शोषतं आणि ओलंच राहतं. पॉलिस्टरचा अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट घाला. सोबत वारा अडवणारं, घडी करून खिशात मावेल असं पातळ जॅकेट ठेवा. चढताना ते काढायचं आणि वर पोचल्यावर लगेच, अंगात ऊब आहे तोवर घालायचं. चहा पिऊन झाल्यावर नव्हे. जॅकेट विसरलात तर सायकलस्वारांची जुनी युक्ती वापरा: वर्तमानपत्राची दोन पानं टी-शर्टच्या आत छातीवर ठेवा. वारा खरोखर अडतो. जाड स्वेटर घरीच राहू द्या, त्याच्या विणीतून वारा आरपार जातो.

हातमोजे मात्र पूर्ण बोटांचेच हवेत, त्यात काटकसर करू नका. बोटं बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही आणि येऊरच्या वळणांवर समोरून बसही येते. हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ पट्टी पुरते. माळशेज घाटात जायचं असेल तर जॅकेटखाली फुलबाह्यांचा आणखी एक थर घ्या.