तान्ह्या बाळाच्या आईने ॲथलीजर कसं निवडावं आणि दिवसभर कसं वापरावं

बाळ झोपलं की व्यायामाचे कपडे घालायचे आणि व्यायाम झाला की पुन्हा घरचे कपडे चढवायचे, हा बेत तान्ह्या बाळाच्या घरात टिकत नाही. झोप वीस मिनिटांची. त्यातली सात-आठ मिनिटं कपडे शोधण्यात आणि बदलण्यात जातात. तेवढ्यात बाळ हलतं आणि आपण तो नाद सोडून देतो. दोन बाळंतपणं झाल्यावर मी ठामपणे सांगते, कपडे बदलण्याची पायरीच काढून टाका. सकाळी तोंड धुतल्यावर जे अंगावर चढेल, त्यातच बाळाला पाजता आलं पाहिजे, जमिनीवर मांडी घालता आली पाहिजे आणि बाबागाडी घेऊन भरभर चालताही आलं पाहिजे. ॲथलीजरचा, म्हणजे व्यायामालाही चालतील आणि दिवसभर घरीदारीही वापरता येतील अशा कपड्यांचा, उपयोग एवढाच आणि तो मोठा आहे.

हालचाल किती करायची? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार बाळंतपणानंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हे उद्दिष्ट आहे, आणि ही मिनिटं तुकड्या-तुकड्यांनी जमवली तरी चालतात. सुरुवात कधी करायची हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः सिझेरियन झालं असेल तर. धावण्याची घाई मात्र नको. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टनी काढलेल्या सूचना पहिले १२ आठवडे धावू नका असं सांगतात, आणि त्यानंतरही अंग तयार असेल तरच.

मापं आत्ताची घ्या

गर्भाशय मूळ आकाराला यायलाच साधारण सहा आठवडे लागतात. त्यामुळे जुने कपडे कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा आणि आज जे माप आहे तेच घ्या. ‘थोडं घट्ट घे, आपोआप बारीक होशील’ हा सल्ला ज्या कोणाकडून येईल, त्यांचं ऐकू नका.

लेगिंग

उंच कमरेची घ्या, पट्टा रुंद आणि मऊ हवा. सिझेरियनचा व्रण असेल तर पट्ट्याची कड किंवा शिवण त्यावर येता कामा नये, ती बेंबीच्या वर गेली पाहिजे. कापड जाड आहे का हे बघायला दुकानात उजेडाकडे पाठ करून उकिडवं बसा आणि सोबतच्या व्यक्तीला बघायला सांगा. बाळाला उचलताना-ठेवताना आपण दिवसभर तसंच बसणार असतो. खिसा हवाच, फोन ठेवायला दुसरी जागा नसते.

पोट आवळणारे पट्टे आणि ‘शेपवेअर’ घालून व्यायाम करू नका. पोट वरून आवळलं की दाब खाली, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जातो, आणि बाळंतपणात सर्वांत जास्त ताण सोसलेले स्नायू तेच असतात. खोकताना किंवा शिंकताना लघवीचा थेंब निसटत असेल, खाली काही उतरल्यासारखं जड वाटत असेल, किंवा पाठीवर झोपून डोकं उचलल्यावर पोटाच्या मध्यभागी उभा फुगवटा दिसत असेल, तर कपड्यांचा विचार बाजूला ठेवून फिजिओथेरपिस्टना भेटा.

ब्रा: इथे घाई करू नका

बाकी सगळ्यात थोडं चुकलं तर चालतं, इथे चालत नाही. पहिल्या वेळी मी नेमकी इथेच चुकले.

बाळ सात आठवड्यांचं असताना मी एक छान दिसणारी, डोक्यातून घालायची, छाती सपाट दाबून धरणारी स्पोर्ट्स ब्रा घेतली. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, घट्ट असेल तरच आधार मिळतो. मला ते पटलं, कारण बाळंतपणाआधी मी तशीच वापरत होते. फिरून आले, बाळ रडत होतं, मग पाजणं, मग बाळाचे कपडे, मग स्वयंपाकघर. संध्याकाळपर्यंत ती ब्रा अंगावरच होती. तिसऱ्या दिवशी उजव्या बाजूला काखेजवळ दुखरी गाठ आली, त्यावर लाली चढली, रात्री हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टरांनी मॅस्टायटिस सांगितलं, म्हणजे स्तनाला आलेली सूज. पुढचा आठवडा व्यायाम तर सोडाच, बाळाला त्या बाजूला घेतानाही डोळ्यांत पाणी यायचं.

कारण साधं आहे. दुधाच्या नळ्या काखेपर्यंत पसरलेल्या असतात. एकाच जागी तासन्‌तास दाब पडला की तिथून दूध नीट वाहत नाही, आजूबाजूचा भाग सुजतो. शिवाय पाजणाऱ्या आईची छाती दिवसभर एकाच मापाची राहत नाही. पाजून झाल्यावर जी ब्रा बरोबर बसते, तीच तीन तासांनी आवळते.

स्पोर्ट्स ब्रा दोन प्रकारे आधार देते. एक प्रकार दोन्ही बाजू एकत्र दाबून सपाट करतो, दुसऱ्यात प्रत्येक बाजूला वेगळा कप असतो. पाजत असाल तर दुसराच प्रकार घ्या, आणि तारेशिवाय. पहिला प्रकार थोडा वेळ घालून लगेच काढणारीसाठी ठीक आहे, पण लगेच काढायला मिळेल याची खात्री तान्ह्या बाळाच्या आईला कोण देणार?

आधार कुठून येतो, हेही मला फार उशिरा कळलं. तो मुख्यतः छातीखालच्या पट्ट्यातून येतो, खांद्यावरच्या पट्ट्यांतून किंवा कापडाच्या आवळण्यातून नाही. म्हणून पट्टा नेटका आणि कप मोकळा, हे समीकरण लक्षात ठेवा. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, तिसरं नको. हात वर केल्यावर पट्टा मागे पाठीवर चढला तर तो सैल आहे. मागे तीन-चार हुकांच्या रांगा असतील तर उत्तम, कारण बरगड्यांचा घेर पुढच्या काही महिन्यांत कमी होत जातो. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर बसत असेल तर घेऊ नका, पुढे आत घ्यायला वाव असला तरी आत्ता ढिली करायला जागा उरत नाही. मधल्या हुकावर बसणारी घ्या.

ती घालून बघण्याची वेळही महत्त्वाची. बाळाला पाजून लगेच दुकानात जाऊ नका. छाती भरलेली असेल तेव्हा घालून बघा, आणि आत दूध शोषणारं पॅड ठेवून बघा, कारण पॅडलाही जागा लागते. कपाच्या कडेवरून किंवा काखेशी मांस बाहेर येत असेल तर कप लहान आहे. मग जागच्या जागी भरभर चाला, दोन-तीनदा हलकी उडी मारा. शेवटी डाव्या कडेवर एखादी उशी धरा आणि उजव्या हाताने, पाजण्यासाठी कप उघडणारी खांद्याजवळची क्लिप उघडून पुन्हा लावा. मग बाजू बदला. एका हाताने उघडत नसेल, तर रडणारं बाळ हातात असताना ती कधीच उघडणार नाही. पुढे चेन असलेली ब्रा काहींना सोयीची वाटते. मला ती नको, कारण चेनचं टोक बाळाच्या गालाला लागतं आणि चेन उघडली की दोन्ही बाजूंचा आधार एकदम जातो.

दिवसभरासाठी मऊ नर्सिंग (पाजण्याची) ब्रा आणि प्रत्यक्ष चालण्या-व्यायामासाठी ही आधाराची, अशा दोन ठेवा. ‘कपडे बदलू नका’ असं वर म्हटलं, त्याला एवढाच अपवाद आणि तो मी सोडणार नाही. व्यायाम संपला की आधाराची ब्रा उतरवायचीच. घामाने किंवा दुधाने ओली झाली असेल तर आणखी लवकर, कारण ओलसर, उबदार कापडात बुरशीचा संसर्ग फोफावतो. आणि व्यायामाच्या आधी बाळाला पाजून घ्या. छाती हलकी असते, दुखत नाही, आणि परत येईपर्यंत थोडी उसंत मिळते. बेताच्या व्यायामाने दूध आटतं ही भीती मनातून काढून टाका, तसं होत नाही.

तरीही गाठ आलीच तर जोरजोरात चोळू नका, त्याने सूज वाढते. थंड पट्टी ठेवा, नेहमीसारखं पाजत राहा, घट्ट कपडा काढून टाका. दिवसभरात उतार पडला नाही किंवा ताप, हुडहुडी, लाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मी एक रात्र वाट पाहिली, तुम्ही पाहू नका.

वरचा कपडा

सैल, थोडा लांब, पाजायला वर उचलता येईल असा. गडद किंवा नक्षीदार कापडावर दुधाचे डाग दिसत नाहीत. गळ्याशी लोंबणाऱ्या दोऱ्या, मणी, धातूची बटणं असलेला हुडी घेऊ नका. बाळ दोरी ओढतं, तोंडात घालतं, आणि दोरी गळ्याभोवती अडकण्याचा धोका असतो. आधीच्या हुडीला दोरी असेल तर सरळ ओढून काढून टाका.

बूट

गरोदरपणात पावलं लांब-रुंद होतात आणि कित्येकींची तशीच राहतात, म्हणून पाऊल पुन्हा मोजा. नाडी न बांधता घालता येणारे पण टाच घट्ट धरणारे बूट घ्या. बाळ हातात असताना मागून उघडी चप्पल घालून जिना उतरू नका.

धुणं

थंड पाणी, साधा साबण, सावलीत वाळवणं. कापड मऊ करणारं द्रव्य वापरू नका, ते धाग्यांवर थर धरतं आणि घाम शोषला जात नाही. कडक उष्णतेने लायक्रा, म्हणजे कापडातला ताणला जाणारा धागा, मरतो, म्हणून ड्रायर आणि इस्त्री दोन्ही नको.

सुरुवातीला दोन लेगिंग, तीन सैल टॉप, दोन मऊ ब्रा आणि दोन आधाराच्या, एवढं पुरतं. रात्री झोपताना उद्याचा जोड पलंगाशी ठेवा आणि बूट दाराशी. ब्रा मात्र दोन वेळा नव्याने मोजा. एकदा बाळ वरचं खाऊ लागून पाजणं कमी झालं की, आणि एकदा पाजणं पूर्ण थांबल्यावर दीड-दोन महिन्यांनी.