‘एकच प्याला’ हाताशी धरून: जुन्या साहित्यातली पात्रे आणि सूत्र कसे उलगडावे

बडोद्यातल्या मराठी वाचन मंडळांत जुने पुस्तक चर्चेला निघाले की बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागून जातो. ‘एकच प्याला’ म्हणजे दारूचे दुष्परिणाम. ‘पण लक्षात कोण घेतो’ म्हणजे विधवांचे हाल. एवढे बोलून झाले की चहा येतो. विषय ओळखण्यात चूक काही नाही, पण खरे काम त्याच्या पुढे सुरू होते: त्या विषयाबद्दल लेखक काय म्हणतो, आणि त्याच्या पात्रांच्या वागण्यातून आपल्याला काय दिसते? यासाठी थोडी पद्धत लागते. ती इथे ‘एकच प्याला’वर चालवून दाखवली आहे. राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक तसे बडोद्याच्या घरचेच. त्यांचा जन्म नवसारीचा, म्हणजे तेव्हाच्या बडोदे संस्थानातला. २३ जानेवारी १९१९ ला ते गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यात केला.

पूर्ण संहिता मिळवा

शाळेच्या पुस्तकातला उतारा, प्रयोगाची रंगावृत्ती आणि मोबाइलवरची चित्रफीत या तिन्हींपैकी कशावरही अर्थ लावायला बसू नका. जुनी संगीत नाटके रात्र रात्र चालत. आजचा प्रयोग तीन तासांच्या आत बसवायचा म्हणजे कात्री लागणारच, आणि ती बहुधा लांब भाषणांवर आणि उपकथानकावर चालते. ‘एकच प्याला’त भगीरथ आणि नायकाची बहीण शरद यांचे उपकथानक गेले, तर सुधाकराची, म्हणजे दारूने नाश पावणाऱ्या नायकाची, तुलना करायला माणूसच उरत नाही. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय (स्थापना १९१०) आणि विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय या दोन ठिकाणी आधी चौकशी करा. मंडळात सगळ्यांकडे एकच आवृत्ती नसेल तरी चालेल, फक्त संक्षिप्त आवृत्ती कोणाकडे आहे ते सुरुवातीलाच विचारून घ्या. नाहीतर अर्धी चर्चा ‘हे माझ्या पुस्तकात नाहीच’ यात जाते.

संगीत नाटकाच्या बाबतीत आणखी एक पथ्य. ‘एकच प्याला’तली पदे वि. सी. गुर्जरांनी लिहिली आहेत. ‘कशि या त्यजू पदाला’ हे सुधाकराची बायको सिंधू हिचे पद घराघरात पाठ असते आणि तिच्या स्वभावाचा पुरावा म्हणून तेच पुढे केले जाते. पण ते शब्द गडकऱ्यांचे नाहीत. पद जरूर विचारात घ्या, मात्र त्यातला भाव गद्य संवादात सापडतो का ते आधी पाहा. सापडला तर पुरावा भक्कम. न सापडला तर तो गुर्जरांचा आणि सिंधूची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या गळ्याचा प्रभाव समजायचा.

पहिले वाचन पेन्सिल न घेता

नाटक पाच अंकी आहे. एका बैठकीला एक अंक, असे आठवडाभरात होते. या फेरीत खुणा करू नका. कोण कोणाचा कोण एवढे पक्के झाले की पुरे. गुजराती माध्यमात शिकलेल्या मुलांना मराठी बोलता छान येते, पण गडकऱ्यांचे अर्ध्या पानाचे वाक्य डोळ्यांनी वाचताना ती अडखळतात. त्यावर मोठ्याने वाचण्याइतका चांगला उपाय नाही. संवाद वाटून घ्या. सुधाकराला दारूची चटक लावणाऱ्या तळीरामाच्या कोट्या कानावर पडल्या की आपोआप कळतात, कागदावर त्या निम्म्या मरतात.

विनोदी प्रवेश ‘मध्येच घातलेली करमणूक’ म्हणून वगळले जातात, आणि घात तिथेच होतो. तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ ही त्या काळच्या सभा-मंडळांची नक्कल आहे. वाचक तळीरामाबरोबर हसतो, त्याच्या युक्तिवादाला मनातल्या मनात दाद देतो, आणि सुधाकराला जसा तो गोड वाटला तसाच आपल्यालाही वाटू लागतो. वर्तमानपत्रांनी ‘तळीराम’ हा कुठल्याही पिणाऱ्यासाठी शब्द करून टाकला आहे. तो डोक्यात ठेवून वाचले तर नाटकातला चतुर, कधीच जबरदस्ती न करणारा तळीराम दिसतच नाही.

दुसरे वाचन: वळणे टिपा

आता वही घ्या. तीन किंवा चारच पात्रे निवडा. सगळी घेतलीत तर वहीत फक्त यादी जमेल. प्रत्येक पात्रासाठी पानावर तीन रकाने आखा: ते काय करते, स्वतःबद्दल काय बोलते, आणि इतर त्याच्याबद्दल काय बोलतात. प्रत्येक नोंदीपुढे अंक आणि प्रवेश लिहा. एका पात्रासाठी पाच-सहा प्रसंग पुरतात, पण ते वळणाचे हवेत, म्हणजे जिथे पात्रापुढे दोन वाटा होत्या आणि त्याने एक धरली असे.

तीन रकान्यांत पहिल्याला सर्वांत जास्त वजन द्या. लोक नेमके उलट करतात. मित्र रामलाल सुधाकराला बुद्धिमान म्हणतो, सिंधू देव म्हणते, म्हणून स्वभावचित्रणात ‘बुद्धिमान, प्रेमळ पण व्यसनी’ असे लिहून मोकळे होतात. ही झाली प्रशस्तिपत्रके. पात्र कळते ते त्याने काय केले यावरून.

सुधाकराचा पहिला रकाना भरून पाहू. तो हुशार वकील आहे, गरिबीतून वर आलेला. कोर्टात अपमान होतो, काही काळासाठी सनद जाते. ही वेळ साधून तळीराम प्याला पुढे करतो आणि तो घेतो. पुढे घर खालावत जाते, पण सासर-मेव्हण्यांच्या पैशाचा आधार त्याला सहन होत नाही. मध्ये तो दारू सोडतो, खरोखर सोडतो, आणि काम शोधायला बाहेर पडतो. प्रतिष्ठित मंडळी त्याला झिडकारतात. तो परत प्याल्याकडे वळतो.

या नोंदी एकाखाली एक वाचल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. दोन्ही वेळा प्याल्याच्या आधी अपमान आहे. आणि ज्या पैशाने घर वाचले असते तो नाकारण्यामागेही अपमानाचीच भीती आहे. दारू ही दिसणारी गोष्ट. तिच्या मागे सतत उभा आहे तो सुधाकराचा मानीपणा. हे नाटकात कुणी एका वाक्यात सांगत नाही, ते रकान्यातून वर येते. एकच प्रसंग असता तर योगायोग म्हणता आले असते. तोच आकार दोनदा-तीनदा आला की तो लेखकाने घडवलेला आहे असे धरायला हरकत नाही.

पात्रे शेजारी शेजारी ठेवा

नाटककार सारख्या अडचणीत दोन माणसे टाकतो ती उगाच नाही. भगीरथ प्रेमभंगामुळे दारूच्या नादी लागलेला, पण रामलालच्या आधाराने बाहेर पडतो. दारू तीच, मग सुधाकर का सुटत नाही? याचे उत्तर ‘इच्छाशक्ती’ असे एका शब्दात देऊ नका. भगीरथ दुसऱ्याचा हात धरतो. सुधाकराला कुणाच्या हाताखाली उभे राहणेच जमत नाही. इथे मघाचा मानीपणा पुन्हा भेटतो, आता दुसऱ्या दिशेने.

तसेच सिंधू आणि गीता. सिंधू दळण दळते, माहेरी जायला नकार देते, आणि शेवटी, दारूच्या भरात नवऱ्याच्या हातून मूल गेल्यावर आणि ती स्वतः मरणाच्या दारात असताना, त्याला वाचवण्यासाठी खोटे बोलते. तळीरामाची बायको गीता फटकळ आहे, नवऱ्याचे चाळे खपवून घेत नाही. दोन पिणाऱ्यांच्या दोन बायका एकाच नाटकात आहेत, हे लक्षात घेतल्याशिवाय सिंधूवर मत देऊ नये.

रामलालकडेही तपासणीच्या नजरेने पाहा. तो सगळ्यांना शहाणपण सांगतो, म्हणून वाचक त्याला लेखकाचा प्रवक्ता समजतात. पण शरद या आपल्या आश्रित मुलीबद्दल त्याच्या मनात जे उठते, ते गडकऱ्यांनी लपवलेले नाही. उपदेश करणारा माणूसही मोहापासून दूर नाही. कुठल्याही अभिजात कृतीत सर्वांत मोठे भाषण करणारे पात्र लेखकाचेच बोलते असे गृहीत धरण्यापूर्वी लेखकाने त्याला कुठे उघडे पाडले आहे का ते शोधा. बऱ्याचदा पाडलेले असते.

सूत्र वाक्यात लिहा, आणि ते मोडायचा प्रयत्न करा

‘व्यसन’, ‘पातिव्रत्य’, ‘मैत्री’ हे विषय झाले. सूत्र म्हणजे त्या विषयाबद्दलचे विधान, आणि विधान असे हवे की कुणी ‘नाही, तसे नाही’ म्हणू शकेल. ‘दारू वाईट’ याला गुजरातसारख्या दारूबंदीच्या राज्यात तर कोण नाही म्हणणार? म्हणून ते सूत्र म्हणून निकामी.

असे एक वाक्य करून पाहू: ‘अपमान न सोसणारा माणूस मदत घेण्यापेक्षा नाश पत्करतो, आणि त्याच्यावर निरपेक्ष प्रेम करणारी बायको हा नाश थांबवू शकत नाही, उलट तिच्या सोसण्याने त्याला वाट मोकळी मिळते.’

आता वहीतून याच्या विरुद्ध जाणारे प्रसंग काढा. पहिल्या अर्ध्या भागाला सुधाकराच्या नोंदी आणि भगीरथाची तुलना यांचा चांगला टेकू आहे. दुसऱ्या भागाला मात्र अडचण आहे. नाटक सिंधूला कुठेही दोष देत नाही. तिच्या सोसण्याकडे ते भक्तीनेच बघते. पदे, संवाद, इतर पात्रांची बोलणी सगळी तिच्या बाजूने आहेत. मग वाक्य खोटे का? पूर्णपणे नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या लिहायच्या: नाटक सिंधूचा गौरव करते (हे संहितेत आहे), आणि तिच्या गौरवाची किंमत एक मूल व तिचा जीव आहे, हेही त्याच नाटकात दिसते (हे आपण घटनांवरून काढले). ‘नाटक म्हणते’ आणि ‘नाटकात दिसते’ यांची सरमिसळ झाली की वाद सुरू होतात. एक म्हणतो सिंधू आदर्श, दुसरा म्हणतो सिंधू गुलाम, आणि दोघेही पुस्तक बंद करून बोलत असतात.

१९१९ मधल्या बाईला आजचे निकष लावायचे का, हा प्रश्न मग येतोच. आधी तिच्यापुढे खरोखर कोणत्या वाटा होत्या ते नाटकातूनच लिहून काढा: माहेर होते, भाऊ पद्माकर होता, गीतासारखी भांडणारी बाई समोर होती. म्हणजे वाट अगदीच नव्हती असे नाही. एवढे लिहिल्यावर निकष आपोआप सावरतात. गडकऱ्यांच्या चरित्रातून पात्रांचे अर्थ काढायचा मोह मात्र टाळा. त्याने नाटकाबद्दल फारसे काही कळत नाही.

कादंबरी आणि कविता

कादंबरीत पहिला प्रश्न निवेदकाचा. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ यमूच्या तोंडून येते. सांगणारी यमू मोठी झालेली आहे, पण लहानपणचे प्रसंग सांगताना ती तेव्हा जेवढे समजले तेवढेच पुष्कळदा सांगते. म्हणून वहीत ‘तेव्हाची यमू’ आणि ‘सांगणारी यमू’ असे दोन रकाने करा. घरातली मोठी माणसे मुलीला कशी दिसतात आणि मागाहून तिला ती कशी कळतात, या फरकात कादंबरीचे बरेचसे म्हणणे आहे. शिवाय ती ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. पाल्हाळ वाटला तर तो दर आठवड्याच्या वाचकासाठी होता हे ध्यानात ठेवा आणि एका दमात वाचू नका.

कवितेत घाई घातक. भा. रा. तांब्यांच्या ‘नववधू प्रिया, मी बावरते’मध्ये मृत्यू आहे हे शिक्षकांनी आधीच सांगितलेले असते, त्यामुळे बावरलेली नवरी कुणी पाहतच नाही. आधी साधा अर्थ शेवटच्या ओळीपर्यंत लावा. दुसरा अर्थ कुठे कुठे बसतो आणि कुठे ओढून आणावा लागतो ते नंतर.

मंडळात मांडताना

सहा ते आठ जण आणि दीड-दोन तास, एवढे पुरे. पहिल्या अर्ध्या तासात मते नकोत, फक्त नोंदी वाचायच्या. प्रत्येकाने आपले सूत्र एका वाक्यात आधी लिहून आणायचे, म्हणजे पहिल्या बोलणाऱ्यामागे सगळे जात नाहीत. वयाने मोठी माणसे शेवटी बोलली तर बरे; आजोबांनी बालगंधर्वांची तबकडी कशी ऐकली हे सांगायला घेतले की संहिता बाजूला राहते, आणि ते ऐकावेसेही वाटते हीच पंचाईत.

लेख लिहायचा असेल तर सहाशे ते आठशे शब्द धरा. कथानक चार ओळींत आटपा. प्रत्येक मुद्द्याला एक प्रसंग जोडा आणि उतारा दोन ओळींपेक्षा लांब देऊ नका. लांब उताऱ्याखाली स्वतःचे म्हणणे दडपते. तुमच्या सूत्राविरुद्ध जाणारा निदान एक प्रसंग लेखात असू द्या आणि त्याचे काय करायचे ते सांगा. संदर्भ देताना पान क्रमांकाऐवजी अंक आणि प्रवेश लिहा, कारण जुन्या नाटकांच्या आवृत्त्या अनेक आहेत आणि समोरच्याच्या पुस्तकात ते पान भलतीकडेच निघते.