जीवाश्मांच्या शिबिराला निघण्यापूर्वी

शिबिरात नाव पक्कं झालं की सगळ्यात आधी हातोडी विकत घ्यावीशी वाटते. ती राहू द्या. हातोड्या आणि छिन्न्या बहुतेक ठिकाणी शिबिराकडूनच मिळतात. पत्र लिहून एकदा विचारून घ्या. स्वतःची न्यायचीच असेल तर खडक फोडण्यासाठी बनवलेली न्या. सुतारकामाची हातोडी खडकावर आपटली तर तिचाच टवका उडून डोळ्यात जाऊ शकतो. हातोडी कुणाचीही असो, बाजूने बंद असलेला सुरक्षा चष्मा मात्र पिशवीत हवाच.

तयारी पायांपासून सुरू करा. घोट्याला आधार देणारे बूट निदान तीन आठवडे आधी घ्या, रोज घालून फिरा, जिने चढा-उतरा. शहरात आपला दिवस सावलीत, पंख्याखाली जातो, आणि शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून शेवटचे पंधरा दिवस रोज थोडं थोडं उन्हात चाला; सुरुवात सकाळच्या कोवळ्या उन्हाने करा. तीन-चार लिटर पाणी मावेल एवढ्या बाटल्या, क्षारांची पाकिटं, रुंद काठाची टोपी, लांब बाह्यांचे सैल शर्ट, सनस्क्रीन. गुडघ्यांखाली घ्यायला जाड फोमचा तुकडा विसरू नका, कारण हाड मोकळं करताना तासन्‌तास एकाच जागी बसावं लागतं. दमा, मधुमेह किंवा अ‍ॅलर्जी असेल तर प्रमुखांना आधीच सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. आणि एक गोष्ट पाठच करा: उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं तर तो उष्माघात असू शकतो, त्याला लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, मोठ्यांना हाक मारा.

आता वही. माझ्या मते अख्ख्या पिशवीत याहून मोलाची वस्तू नाही. हाड कोणत्या थरातून आलं, त्या थराखाली आणि वर काय होतं, ते कोणत्या दिशेला पडलं होतं, शेजारी शिंपले होते की पानांचे ठसे, हे लिहिलेलं नसेल तर त्या हाडाकडून फारसं काही कळत नाही. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही घ्या आणि पेन्सिलनेच लिहा. शाई ओली झाली की पसरते. सराव घराजवळच करता येतो. रस्त्याच्या कामासाठी खणलेला चर दिसला तर कठड्याच्या बाहेर उभं राहून त्याच्या भिंतीचं चित्र काढा: किती थर आहेत, प्रत्येकाची अंदाजे जाडी, रंग, कण बारीक की भरड. चित्राशेजारी माप आणि उत्तर दिशा लिहायची सवय लावा. दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग गळ्यात अडकवा. ते डोळ्याजवळ धरून दगड त्याच्याकडे आणायचा असतो.

वहीत चार-पाच पातळ कोरे कागद आणि एक मऊ पेन्सिलही ठेवा. इंग्लंडमधल्या चार्नवूड जंगलात 1957 मध्ये रॉजर मेसन या शाळकरी मुलाला खडकावर पानासारखा ठसा दिसला. त्याने कागद ठेवून पेन्सिलने त्याची छाप घेतली आणि ती ट्रेव्हर फोर्ड या भूशास्त्रज्ञापर्यंत पोहोचवली. फोर्ड यांनी 1958 मध्ये त्या जीवाला ‘चार्निया’ नाव दिलं. त्या खडकाचं वय सुमारे 56 कोटी वर्षं आहे. टीना नेगस या मुलीने तोच ठसा वर्षभर आधी पाहिला होता, पण एवढ्या जुन्या खडकात जीवाश्म असूच शकत नाहीत, असं तिला शिक्षकांनी सांगितलं. तुमचं म्हणणं कुणी पहिल्या फटक्यात मानलं नाही तरी नोंद करायचं सोडू नका.

नजरही आधीपासून तयार करा. एखाद्या संग्रहालयात जाऊन अख्ख्या सांगाड्यांपेक्षा तुटके तुकडे पाहा. मोडलेल्या कडेला हाडाची सच्छिद्र जाळी दिसते, साध्या दगडात ती नसते. उतारावर तुकडे विखुरलेले दिसले तर ते वरून घरंगळलेले असतात, म्हणून शोध वरच्या दिशेने घ्यायचा. 2009 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात एका शालेय विद्यार्थ्याला पॅरासॉरोलोफस डायनासोरच्या पिल्लाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा सापडला. थोड्याच दिवसांपूर्वी दोन व्यावसायिक संशोधक तिथून काही फुटांवरून गेले होते.

सापडलेलं हाड नेताना मोडू नये म्हणून त्याभोवती प्लास्टरचं वेष्टन घालतात; ते घरी एकदा करून पाहिलंत तर तिथे हात चालतो. हाडाऐवजी जुनी वीट घ्या आणि तिच्यावर आधी ओल्या टॉयलेट पेपरचे थर चिकटवा; खऱ्या कामात हे थर नसले तर प्लास्टर थेट हाडाला धरून बसतं. मग गोणपाटाच्या पट्ट्या पातळ प्लास्टरमध्ये बुडवून आडव्या-उभ्या गुंडाळा. ओलं प्लास्टर घट्ट होताना तापतं, म्हणून हातमोजे घाला, आणि उरलेलं मोरीत ओतू नका. वाळल्यावर वेष्टनावर क्रमांक, तारीख आणि वरची बाजू लिहा.

पालकांच्या सहीचं संमतीपत्र, धनुर्वाताच्या लशीची नोंद आणि आणीबाणीचे फोन नंबर एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. उत्खनन कोणत्या परवानगीने होणार आहे, हे प्रमुखांना विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. सापडलेली वस्तू कितीही लहान असली तरी परस्पर खिशात टाकायची नाही. ती जागेवरच राहू द्या, शेजारी रंगीत फीत बांधलेली काडी रोवा आणि हाक मारा. त्या फितीचं छोटं रीळ पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात असू द्या.