परदेशी कन्व्हर्टिबल मराठवाड्यात आणताय? या चुका टाळा

जपानच्या लिलावात किंवा इंग्लंडमधल्या डीलरकडे एखादी दोन दारांची कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणारी गाडी, मनात भरली की पहिला प्रश्न येतो, "ड्युटी किती?" ड्युटी जबर असते, पण ती एकदाच भरायची. इलेक्ट्रॉनिक्सचा घोळ मात्र रोज गाडी चालू केली की समोर उभा राहतो, आणि तो बहुतेकदा गाडी निवडतानाच ओढवून घेतलेला असतो.

वापरलेल्या गाडीला तीन वर्षांची मर्यादा आहे. ती मोजतात उत्पादनाच्या तारखेपासून, नोंदणीच्या नव्हे. स्टिअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरचा, हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा, हेही लागतं. त्यामुळे दुबईतल्या पाहुण्याने सुचवलेला स्वस्त सौदा सोडून द्या. तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं. जुनी गाडी उतरते फक्त मुंबई बंदरात. "जालन्याच्या ड्रायपोर्टला सोडवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला ॲडव्हान्स देऊ नका.

सगळ्यात महागात पडणारं वाक्य म्हणजे "आणू तर खरं, मग कोडिंग करून घेऊ." कोडिंगने, म्हणजे गाडीच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग बदलून, मेनूची भाषा बदलेल, एखादं लपलेलं फीचर सुरू होईल. जो भाग गाडीत बसवलेलाच नाही, तो कोडिंगने येत नाही. जपानचा एफएम पट्टा ७६ ते ९५ मेगाहर्ट्झचा, आपला १०८ पर्यंत जातो. ट्यूनर तिथवर पोचत नसेल तर वरची स्टेशनं लागणारच नाहीत. वरची स्टेशनं खाली ओढून देणारा बँड एक्सपांडर बसवतात, पण मग स्क्रीनवर आकडा एक आणि वाजतंय दुसरंच. सरळ नवीन स्टिरिओ बरा, मात्र गाडीच्या सेटिंग त्याच स्क्रीनमध्ये असतील तर तीही सोय गेली. इंग्लंडच्या गाडीत एफएम नीट चालतं. तिथे मैलांचा स्पीडोमीटर नडतो. डिजिटल असेल तर मेनूतून बदलतो. काट्याचा असेल तर क्लस्टरच, म्हणजे समोरचा मीटरचा अख्खा संचच, बदलावा लागतो, आणि काही गाड्यांत इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) त्याच्याशी जोडलेला असतो. हे काम गाडी जहाजावर चढण्याआधी उरकायचं.

चावीचंही तसंच. जपानी रिमोट बहुधा ३१५ मेगाहर्ट्झचे, युरोपातले ४३३ चे. एक चावी हरवली म्हणून इंग्लंडहून दुसरी मागवली, तर जपानी गाडी ती ओळखणार नाही. दोन्ही चाव्या हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका.

जपानी गाडीतलं टोलचं ईटीसी यंत्र काढून टाका. समृद्धीवर त्याचा उपयोग शून्य, आणि कार्ड नाही म्हणून गाडी चालू करताच ते जपानीत बोलत राहतं. फास्टॅग वाचला जात नसेल तर बँकेशी भांडण्याआधी काच बघा. उष्णता परतवणाऱ्या काचेवर धातूचा थर असतो; आरशाजवळ ठिपक्यांची जागा सोडलेली असते, टॅग तिथे लावायचा.

सॉफ्टवेअर चढवताना व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, मरतं, आणि आपल्याकडे लाइटचा काय भरवसा! ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर चालत नाही. स्थिर व्होल्टेज देणारा बॅटरी सपोर्टर हवा, तोही इन्व्हर्टरवर. शेतातल्या शेडमध्ये हे करायला कोणी आलं तर आधी तेवढं विचारा. मॉड्यूलमधल्या जुन्या सॉफ्टवेअर फाइलची प्रत घेतली का, तेही.

छत उघडत नसेल तर लगेच मोटर खोलू नका. बऱ्याच मॉडेलांत डिकीतला पडदा किंवा फळी खाली ओढलेली नसली तर छत हलत नाही. ते ठीक असेल तर बॅटरी मोजा. इंजिन बंद ठेवून पाहुण्यांना चार वेळा छत उघडून दाखवलं की ती उतरतेच. मग लॅचचे, म्हणजे छत अडकवणाऱ्या कडीचे, छोटे स्विच पाहा. उन्हाळ्यातली धूळ त्यांच्यात बसते.

कडुलिंबाखाली गाडी लावायची सवय मात्र मोडा. छताच्या कडेची पाणी जायची भोकं त्या बारीक पानांनी बुजतात. मे महिन्यात काही कळत नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी डिकीत उतरतं, आणि काही गाड्यांत छताचं मॉड्यूल, नाहीतर बॅटरी, तिथेच तळाशी असते. पावसाळ्याआधी भोकात तांब्याभर पाणी ओतून बघा. ते गाडीखाली पडलं पाहिजे. नाही पडलं तर नायलॉनची मऊ दोरी घालून भोक मोकळं करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी सुटते.