बुजऱ्या घोड्याच्या तोंडावरची जखम: हात कधी लावावा, कधी मागे घ्यावा

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस त्याची चाल पाहतो, दात पाहतो, अंगावरचे केसांचे भोवरे मोजतो. मोरकी, म्हणजे तोंडावर बांधलेली दोरी किंवा पट्टा, उचलून तिच्याखालची कातडी पाहणारे फार थोडे. काही वर्षांपूर्वी मीही ती पाहिली नव्हती. तेथून आणलेल्या कुमैत (तांबूस तपकिरी) घोडीच्या तोंडावर नायलॉनच्या दोरीची मोरकी होती, ती शिंगरू असल्यापासून कोणी सैल केलेली नव्हती, आणि घरी येऊन दोरी कापली तेव्हा नाकाच्या हाडावर पू धरलेली बोटभर रुंद खाच निघाली. घोडी तर कोणी समोरून आले तरी मान आभाळाकडे करून मागे सरकत होती. त्या जखमेने जे शिकवले आणि पुढे इतर घोड्यांवर जे पडताळून पाहिले, ते येथे लिहीत आहे.

सर्वप्रथम समोरची जखम उपचारासाठी थांबू शकणारी आहे की नाही, ते ठरवावे. पुढे सांगितलेला सगळा धीर थांबू शकणाऱ्या जखमेसाठीच आहे. पापणी फाटली असेल, डोळा मिटलेला किंवा पांढुरका दिसत असेल, कपाळावरील अथवा डोळ्याखालील जखमेतून श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील, हाड दिसत असेल, चारा चावताना गालाच्या जखमेतून लाळ गळत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर विश्वास कमावण्यात वेळ घालवू नये आणि पशुवैद्यकांना तत्काळ बोलवावे. ते गुंगीचे इंजेक्शन देऊन टाके घालतील. लोंबणारी कातडी कोणीही कापून टाकू नये. घोड्याच्या तोंडाला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे मेल्यासारखा दिसणारा तुकडाही वेळेवर टाके पडले तर पुष्कळदा जगतो, आणि पापणीचा कापलेला तुकडा तर पुन्हा कशानेही भरून निघत नाही. जवळ दवाखाना नसेल तर १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करावा. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत; मोठी जखम असेल तर तेथवर नेण्याचा खर्च वाया जात नाही.

आणखी दोन गोष्टी. कुत्र्याने तोंडाला चावा घेतला असेल तर हातमोजे घालून जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांना गाठावे. नाकपुडीच्या आत व्रण असून चिकट पिवळसर शेंबूड येत असेल, तर तो ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो. अशा घोड्याला इतरांपासून वेगळे बांधून सरकारी दवाखान्यात लगेच कळवावे.

जखम लहान असो वा मोठी, धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोलणे टाळू नये. या रोगाचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि पाळीव जनावरांमध्ये घोडा त्याला सर्वांत लवकर बळी पडतो.

जखमेत हळद, चुना, तंबाखू, जळके ऑइल, रॉकेल आणि डांबराच्या गोळ्यांचा चुरा भरण्याचा सल्ला देणारी माणसे प्रत्येक गावात भेटतात. त्यांचे ऐकू नये. यांतील बहुतेक पदार्थ नव्याने भरत असलेले मांस जाळतात, आणि तोंडावरच्या जखमेतून ते डोळ्यात उतरतात. घरात उरलेले डोळ्यांचे थेंबही घालू नयेत; त्यात स्टिरॉइड असेल आणि बुबुळाला ओरखडा असेल तर डोळा जाऊ शकतो. अळ्या पडल्या असतील तर त्या काढण्याचे काम पहिल्या वेळी डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

आमच्या घोडीच्या बाबतीत डॉक्टरांनी पहिल्या दिवशी गुंगी देऊन खाच साफ केली, इंजेक्शने दिली आणि रोज दोन वेळा धुण्यास सांगितले. हे रोजचे धुणे हाच खरा प्रश्न होता आणि तोच मी आधी चुकीच्या रीतीने सोडवायला गेलो. चार माणसे लावून तिला खांबाला आखूड बांधले, एकाने कान धरला, एकाने वरच्या ओठाला दोरीचा फास घालून तो काठीने पिळला आणि मी कशीबशी जखम धुतली. हे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी हातातील घमेले दिसताच ती पागेच्या कोपऱ्यात तोंड घालून उभी राहिली आणि मागचे पाय झाडू लागली. जखम तीन दिवसांत जितकी स्वच्छ झाली होती, त्याहून अधिक त्या खांबावर घासून नव्याने सोलली गेली होती. ओठ पिळण्याचा उपाय डॉक्टरांना तातडीच्या वेळी काही मिनिटांसाठी करावा लागला तर तो त्यांचा निर्णय आहे. जी जखम तीन आठवडे रोज धुवायची आहे तिच्यासाठी तो करू नये, आणि कान तर कधीच पिळू नये. कानाजवळ हात नको म्हणणारा घोडा पुढे मोरकीही घालू देत नाही, आणि ती सवय मोडायला जखम भरण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

माझी चूक बळ वापरण्यात होती, हे लवकर लक्षात आले. त्याहून मोठी चूक कळायला आणखी दोन दिवस लागले. बळ सोडल्यावर मी एकटाच हळूहळू हात पुढे नेऊ लागलो. तिने मान झटकली की मी दचकून हात मागे घेत असे, आणि यालाच मी माया समजत होतो. प्रत्यक्षात दर वेळी तिला एवढेच कळत होते की मान झटकली की हात जातो, म्हणून ती दिवसेंदिवस अधिक जोराने झटकू लागली. हात जवळ नेण्याने घोडा शिकत नाही, हात ज्या क्षणी मागे जातो त्या क्षणी तो शिकतो. तो शांत असताना हात मागे घेतला तर तो शांत राहायला शिकतो; उसळत असताना घेतला तर उसळायला शिकतो. या एका गोष्टीवर पुढचे सगळे काम उभे आहे, म्हणून ती करण्याची रीत सविस्तर सांगतो.

वेळ पहाटेची किंवा ऊन उतरल्यानंतरची निवडावी. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो आणि ऊन चढले की माश्यांनी हैराण झालेला घोडा कोणाचेच ऐकत नाही. वैरण आधी घालावी. भुकेल्या घोड्याबरोबर हे काम करू नये. जागा न निसरणारी असावी आणि सोबतीचा दुसरा घोडा दिसेल अशी असावी. घोडा बांधू नये. नाकाच्या जखमेवर मोरकी तर घालताच येत नाही, म्हणून गळ्यात रुंद सुती पट्टा घालून त्याला आठ-दहा फुटांची मऊ सुती दोरी लावावी आणि ती हातात सैल धरावी. हाताला किंवा मनगटाला तिचा वेढा कधीही देऊ नये. हे काम पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत एकाच माणसाने करावे, आणि बघ्यांना बाहेर पाठवावे.

तोंडासमोर उभे राहू नये. घोड्याला दोन्ही बाजूंचे जवळजवळ सगळे दिसते, पण कपाळाच्या अगदी समोरचे आणि नाकाखालचे दिसत नाही; समोरून नाकाकडे येणारा हात वाटेत त्याच्या नजरेतून नाहीसा होतो आणि मग एकदम दुखऱ्या जागी लागतो. म्हणून डाव्या खांद्यापाशी, त्याच्या अंगाला जवळजवळ टेकून उभे राहावे. तेथे तो आपल्याला पाहू शकतो, आणि त्याने मान फिरवली किंवा पुढचा पाय उचलला तरी आपल्याला फटका बसण्याचा धोका कमी राहतो. आयाळ जेथे संपते तेथे बोटांनी सावकाश खाजवायला सुरुवात करावी. घोडे एकमेकांना तेथेच दातांनी खाजवतात, त्यामुळे ही जागा अनोळखी माणसालाही लवकर परवानगी देते.

तेथून हाताची मागची बाजू मानेवरून हळूहळू वर न्यावी. एका ठिकाणी मान ताठ होईल, श्वास थांबेल, हनुवटी आवळली जाईल किंवा डोळ्याचा पांढरा भाग दिसेल. ती त्या दिवसाची सीमा. आमच्या घोडीची सीमा पहिल्या दिवशी कानाच्याही एक वीत मागे होती, म्हणजे जखमेपासून हातभर दूर. सीमेपाशी हात पोहोचला की तो तेथेच ठेवावा, पुढेही नेऊ नये आणि मागेही घेऊ नये. दाबू नये. हाताखालची कातडी थरथरत असेल तर थरथरू द्यावी. काही वेळाने घोडा श्वास सोडतो, किंवा पापणी लववतो, किंवा मान बोटभर खाली आणतो. त्याच क्षणी हात काढून घ्यावा, एक पाऊल मागे सरावे आणि त्याला विसावा द्यावा. त्याने जीभ ओठांवरून फिरवली किंवा रिकामेच चावले तर त्याचा ताण उतरत आहे असे समजावे आणि मगच पुन्हा हात न्यावा.

मान झटकली तर हात झटक्याबरोबर जाऊ द्यावा, पण काढून घेऊ नये. तोंडापर्यंत पोहोचता येत नसेल तर तो मानेवर टेकलेला राहू द्यावा आणि मान क्षणभर स्थिर होताच, पण स्थिर झाल्यावरच, उचलावा. हे पहिल्या दिवशी फार अवघड जाते, कारण आपले शरीर आपोआप दचकते. घोडा मागच्या पायांवर उभा राहू लागला किंवा आपल्यावर येऊ लागला तर मात्र दोरी सैल सोडून बाजूला व्हावे. आपण सीमेच्या फार पुढे गेलो होतो एवढाच त्याचा अर्थ, आणि पुढच्या वेळी बरेच मागून सुरुवात करावी.

एका वेळी दहा मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नये. त्याऐवजी दिवसातून चार-पाच वेळा जावे. रिकामा हात गालापर्यंत स्वीकारला गेला की हातात कोरडे फडके घ्यावे आणि मानेपासून पुन्हा सुरुवात करावी, कारण घोड्याच्या लेखी फडके धरलेला हात हा नवा हात आहे. त्यानंतर कोमट पाण्याने ओले केलेले फडके, मग औषधाच्या वासाचे फडके त्याला स्वतः हुंगू द्यावे. निरोगी गाल आधी पुसावा, जखमेची बाजू नंतर. स्प्रे वापरूच नये; त्याचा फुसकारा सापासारखा येतो आणि आठवड्याची कमाई एका सेकंदात जाते.

गुळाबद्दल माझे मत ठाम आहे. गुळाचा खडा दाखवून तोंड जवळ आणायचे आणि मग पट्टा पकडायचा, ही फसवणूक आहे आणि घोडा ती लक्षात ठेवतो. गूळ काम संपल्यावर द्यावा, तोही जमिनीवरच्या घमेल्यात, म्हणजे मान खाली जाते आणि त्या जागेची आठवण चांगली राहते.

ही रीत सुरू केल्यापासून पाचव्या दिवशी संध्याकाळी आमच्या घोडीने नाकावर ओले फडके ठेवू दिले. मधले दिवस जखम नीट धुतली गेली नाही, याची मला धास्ती होती. डॉक्टरांना विचारून ते दिवस मी इंजेक्शनांवर आणि माश्या दूर ठेवण्यावर निभावले. प्रत्येकाने हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

पुढचे सोपे आहे. एक लिटर पाणी उकळून त्यात सपाट दीड चहाचा चमचा मीठ घालावे आणि ते कोमट होऊ द्यावे. सुई काढलेल्या वीस मिलिलिटरच्या सिरिंजने जखमेवर हलकी धार सोडावी, धारेचे तोंड डोळ्यापासून दूर असावे. डॉक्टरांनी पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक सांगितले असेल तर ते पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतकेच मिसळावे. कापसाचे धागे जखमेत अडकतात, म्हणून गॉज वापरावा आणि चोळण्याऐवजी टिपावे. मलम डॉक्टरांनी दिलेलेच लावावे. रोजचे तापमान सकाळी घ्यावे, ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस हे मोठ्या घोड्याचे नेहमीचे तापमान आहे.

माश्यांसाठी लीद दिवसातून दोनदा उचलावी आणि कडुनिंबाचे तेल जखमेच्या कडेपासून चार बोटे लांब लावावे, जखमेत नव्हे. तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, बंद ठेवावा. चंदी (दाणा) घमेल्यातच द्यावी.

लालसर, ओलसर, बारीक दाणेदार मांस दिसू लागले आणि कडा आत सरकू लागल्या की जखम भरत आहे. दुर्गंधी आली, एकाच नाकपुडीतून घाण वाहू लागली किंवा गालावरची अथवा जबड्यावरची जखम भरून पुन्हा पुन्हा त्याच छिद्राने फुटू लागली, तर बाहेरून धुणे थांबवून दात आणि नाकामागच्या पोकळ्या तपासून घ्याव्यात. बहुतेक वेळा मूळ तेथे असते.

कातडी पूर्ण जुळून वर केस येईपर्यंत मोरकी घालू नये. आमच्या घोडीला सात आठवडे लागले आणि त्या जागी पांढऱ्या केसांची रेघ उमटली, जी आता कायमची आहे. नवी मोरकी रुंद सुती पट्ट्याची घेतली, नाकावरच्या भागाला लोकरीचे अस्तर लावले आणि आत दोन बोटे सहज फिरतील इतकी ती सैल ठेवली. ती घालण्यासाठीही पुन्हा मानेपासूनच सुरुवात केली. पहिले दोन दिवस पट्टा फक्त गालाला लावून काढला, आणि सहाव्या दिवशी मी मोरकी उघडून तिच्या नाकाखाली धरली तेव्हा तिनेच तोंड आत घातले. रात्री ती काढून खुंटीला टांगतो, आणि शिंगरू असेल तर दर पंधरवड्याला एक भोक सैल करतो.