समलिंगी जोडीदाराचा हात धरून ठाण्यात फिरायचंय? मग एवढं बघा

तलावपाळीला दोन मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फिरली तर कोणी ढुंकून बघत नाही, पण त्यातल्या एकाने नेलपॉलिश लावलं असलं की बोटिंगच्या रांगेपासून भेळवाल्यापर्यंत सगळ्यांच्या माना वळतात. म्हणजे प्रॉब्लेम हात धरण्यात नाहीये, त्यामुळे आपण काही चोरी करतोय हे आधी डोक्यातून काढा. ६ सप्टेंबर २०१८ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एकाच लिंगाच्या दोन सज्ञान माणसांचं संमतीचं नातं कलम ३७७ खाली गुन्हा नाही. (२०२३ ला समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही, ते दुखणं वेगळंच.)

आता दुसऱ्यांचा विचार, तर नियम सगळ्या कपल्सना असतो तोच. गर्दीच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीपासून कोणी एकमेकांच्या गळ्यात पडून उभं असेल तर ते मुलगा-मुलगी असले तरी बाजूच्याला नको होतं. तेवढं सांभाळलं की बास, कोणाच्या काकांना तुम्ही असणंच खटकत असेल तर तो त्यांचा प्रश्न.

माझ्या मते खरा विचार करायचा तो सोबतच्या माणसाचा, आणि तिथेच आपण माती खातो. निघायच्या आधी सरळ विचारा, आज हात धरलेला चालेल का, तुझं कोणी तिकडे राहतं का? सागर विहारला संध्याकाळी अर्धी वाशी चालायला येते, त्यात कोणाची मावशी, कोणाचे क्लासचे सर. एक शब्द ठरवून ठेवा, "पाणी घेऊया" वगैरे, तो आला की हात सोडायचा, आणि सोडला म्हणून तिथेच तोंड पाडून बसायचं नाही, घरी जाऊन काय ते भांडा. फोटो टाकायच्या आधी प्रत्येक वेळी विचारा, मागच्या वेळी हो म्हणाला होता हे चालत नाही. प्राइडला, म्हणजे आपल्या LGBTQ लोकांच्या मोर्चाला गेलात तर फोटोत मागे कोण येतंय तेही बघा, तोंडावर मास्क लावून आलेला माणूस उगाच लावत नाही, तुमच्या स्टोरीमुळे त्याच्या घरी कळायला नको.

लहान मुलाने विचारलं तर "आम्ही दोघं एकत्र आहोत" एवढं पुरतं.

कोणी व्हिडिओ काढायला लागलं तर वाद घालू नका, लोक आणि दुकानं असतील तिकडे चाला, अंगावर आला तर ११२ ला फोन. पोलिसांनी हटकलं तर "साहेब, कुठलं कलम?" असं शांतपणे विचारा. बहुतेक कलम २९६ ऐकाल, भारतीय न्याय संहितेतलं, पण त्याला अश्लील कृत्य लागतं आणि त्याचा दुसऱ्याला त्रास व्हावा लागतो, नुसता हात धरणं म्हणजे अश्लील कृत्य नव्हे. पावतीशिवाय पैसे देऊ नका आणि तिथूनच एखाद्या मित्राला फोन लावा, स्पीकरवर ठेवून.